अगाथा ख्रिस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अगाथा ख्रिस्ती या इंग्रज रहस्यलेखिकेच्या पुस्तकांत खून कोणी केला हे खाली कुठेही सांगितलेलं नाही. एका कादंबरीतली विषाची युक्ती मात्र सांगावी लागली आहे, आणि तिथे आधी सूचना दिली आहे.

मी अजून एकही पुस्तक वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

तीन वाटा आहेत. एका बैठकीत संपणारं आणि रात्री दिवा मालवू न देणारं काही हवं असेल, तर 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) घ्या. यात गुप्तहेरच नाही. बेटावर अडकलेली दहा माणसं आहेत आणि ती एकेक करून कमी होत जातात. माणसं नीट उभी केलेली हवी असतील, तर 'फाइव्ह लिटल पिग्ज' (१९४२) घ्या. सोळा वर्षांपूर्वीचा खून त्यांचा बेल्जियन गुप्तहेर पॉयरो केवळ पाच जणांच्या आठवणींवरून सोडवतो. खून उकलणाऱ्या म्हाताऱ्या मिस मार्पलशी ओळख करून घ्यायची असेल, तर 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०).

'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) या यादीत नसलं तरी ते लवकर उरकून घ्या. त्याचा शेवट जगाने इतक्या वेळा फोडला आहे की उशीर केलात तर कोणीतरी चहाच्या टेबलावर सहज सांगून टाकेल. पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' वाईट नाही, पण ती उमेदवारीच्या काळातली आहे. पाचसहा पुस्तकं झाल्यावर वाचलीत तर जास्त मजा येईल.

पुस्तकं क्रमाने वाचायला हवीत का?

बहुतेक नाही, पण काही सापळे आहेत. 'डम्ब विटनेस' (१९३७) या कादंबरीत पॉयरो बोलता बोलता आधीच्या चार प्रकरणांतल्या खुन्यांची नावंच घेतो. ती प्रकरणं म्हणजे 'स्टाइल्स', 'ॲक्रॉइड', 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स'. 'कार्ड्स ऑन द टेबल' (१९३६) मध्ये एका सुऱ्याच्या निमित्ताने 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'ची उकल उघडी पडते. म्हणून हे पाच ग्रंथ त्या दोघांच्या आधी.

'कर्टन' ही पॉयरोची अखेर. ती शेवटी वाचा, आणि त्याआधी 'स्टाइल्स' वाचलेलं असू द्या, कारण घर तेच आहे. टॉमी आणि टपेन्स हे गुन्हे शोधणारं जोडपं मात्र वाचकाबरोबर म्हातारं होतं, त्यामुळे त्यांची पाच पुस्तकं (१९२२, १९२९, १९४१, १९६८ आणि १९७३) क्रमानेच वाचावीत. त्यातलं शेवटचं 'पोस्टर्न ऑफ फेट' ही बाईंनी लिहिलेली अखेरची कादंबरी. धागे सुटलेले आहेत, वर्षांचा मेळ बसत नाही. टोरांटो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यांच्या पुस्तकांतली शब्दसंख्या मोजली तेव्हा अखेरच्या पुस्तकांत शब्दांचं वैविध्य घटलेलं आणि पुनरुक्ती वाढलेली दिसली. पहिल्यांदाच ख्रिस्ती वाचणाऱ्याच्या हाती हे पुस्तक देऊ नये.

जुन्या पुस्तकांच्या ढिगात वेगळ्या नावाचं पुस्तक मिळालं, घरी येऊन पाहतो तर तेच! असं का?

अमेरिकी प्रकाशक नावं बदलत असत. पदपथावर ब्रिटिश आणि अमेरिकी, दोन्ही छापांची पुस्तकं शेजारी शेजारी पडलेली असतात, त्यामुळे ही फसगत सर्रास होते. नेहमी गोंधळ करणाऱ्या जोड्या अशा: 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' म्हणजे 'मर्डर इन द कॅले कोच', 'लॉर्ड एजवेअर डाइज' म्हणजे 'थर्टीन ॲट डिनर', 'डेथ इन द क्लाउड्स' म्हणजे 'डेथ इन द एअर', 'फाइव्ह लिटल पिग्ज' म्हणजे 'मर्डर इन रेट्रोस्पेक्ट', 'द सिटाफर्ड मिस्टरी' म्हणजे 'मर्डर ॲट हेझलमूर', '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' म्हणजे 'व्हॉट मिसेस मगिलिकडी सॉ!'. घेण्याआधी मुखपृष्ठामागच्या पानावरची बारीक अक्षरं वाचा. मूळ नाव बहुधा तिथे दिलेलं असतं.

कथासंग्रहांचं तर विचारूच नका. त्याच कथा दोन देशांत वेगवेगळ्या संग्रहांत वाटल्या गेल्या आहेत.

एकूण किती पुस्तकं लिहिली?

रहस्यकादंबऱ्या ६६ आणि कथासंग्रह १४. शिवाय मेरी वेस्टमॅकॉट या नावाने ६ कादंबऱ्या, नाटकं, सीरियातल्या उत्खननाच्या आठवणी आणि आत्मचरित्र. पॉयरोच्या ३३ कादंबऱ्या, मिस मार्पलच्या १२. तुम्हाला वेगळे आकडे दिसले तर दोष बहुतेक कथासंग्रहांचा असतो. वर सांगितलेल्या कारणामुळे त्यांची मोजणी कधीच जुळत नाही. गिनेस बुक त्यांना सर्वाधिक खपाच्या कथालेखिका मानतं. एकूण खप दोन अब्ज प्रतींच्या वर धरला जातो.

शाळा किती शिकल्या?

जवळजवळ नाहीच. १५ सप्टेंबर १८९० ला इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, टॉर्की या समुद्राकाठच्या गावी जन्म. वडील फ्रेडरिक मिलर अमेरिकन, घरच्या पैशावर जगणारे. आईचं मत असं की मुलाने आठव्या वर्षापर्यंत वाचूच नये. मुलगी पाचव्या वर्षीच आपलीआपण वाचायला लागली. अकराव्या वर्षी वडील गेले आणि पैशांची ओढाताण सुरू झाली. पुढे पॅरिसला पियानो आणि गाणं शिकल्या, पण लोकांसमोर वाजवायचं म्हटलं की घाबरून जात. हा बुजरेपणा जन्मभर टिकला. १९५० च्या दशकात 'डिटेक्शन क्लब' या रहस्यलेखकांच्या मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं तेही एका अटीवर: भाषणं दुसऱ्या कोणीतरी करायची.

विषांची इतकी अचूक माहिती कुठून आली?

त्या कंपाउंडर होत्या. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या टाउन हॉलमध्ये रेड क्रॉसचं इस्पितळ उघडलं. तिथे त्या आधी बिनपगारी परिचारिका होत्या, मग औषधं बनवण्याच्या खोलीत गेल्या. १९१७ मध्ये औषधसाहाय्यकाची परीक्षा उतरल्यावर वर्षाला १६ पौंड पगार सुरू झाला. १९१४ ते १९१८ या काळात त्यांच्या कामाचे तास भरले ३,४००.

त्या वेळी औषधं हाताने बनत. वजनं आपल्या गुंज-मासा-तोळ्यासारखी: २० ग्रेनचा एक स्क्रूपल, ३ स्क्रूपलचा एक ड्रॅम, ८ ड्रॅमचा एक औंस. नवी दशमान पद्धत नुकती शिरू लागली होती. तिचा धोका त्यांनी आत्मचरित्रात नेमका सांगितला आहे: दशमानात चूक झाली की ती दहापट होते. ज्या गावातल्या औषधविक्याकडे त्या शिकायला जात, त्याने एकदा गुदमार्गे द्यायच्या औषधी कांड्या बनवताना दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिलं. शिकाऊ मुलीने मालकाला चूक दाखवायची तर पंचाईत. म्हणून त्यांनी ठेच लागल्यासारखं करून तबक पाडलं, वरून पाय दिला आणि माफी मागितली. कांड्या पुन्हा बनवाव्या लागल्या. याच गृहस्थांच्या खिशात क्युरारे या विषाचा खडा असे, तो जवळ बाळगला की आपण बलवान वाटतो म्हणून! जवळजवळ पन्नास वर्षांनी बाईंनी त्यांना एका कादंबरीत वापरलं.

(आता युक्ती फुटते. 'स्टाइल्स' वाचायचं असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

त्या काळी शक्तिवर्धक औषधांत स्ट्रिक्निन अगदी अल्प प्रमाणात असे. त्यात ब्रोमाइडचा क्षार मिसळला की न विरघळणारं संयुग तयार होतं आणि बाटलीच्या तळाशी बसतं. वरचे सगळे डोस निर्धोक आणि सगळं विष शेवटच्या डोसात. ही कल्पना नव्हे, औषधं बनवणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकात दिलेली ताकीद आहे. 'बाटली हलवून घ्या' या सूचनेमागचं एक कारणही हेच. औषधव्यवसायाच्या नियतकालिकाने या कादंबरीतल्या अचूकपणाचं कौतुक केलं. वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांपेक्षा या शाबासकीचा त्यांना जास्त अभिमान होता.

१९६१ च्या एका कादंबरीत (नाव सांगितलं तर मजा जाईल) थॅलियमच्या विषबाधेची लक्षणं आहेत, त्यात केस गळणंही येतं. १९७७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात कतारहून आणलेल्या एका लहान मुलीचा आजार डॉक्टरांना कळेना. ती कादंबरी वाचत असलेल्या परिचारिकेने थॅलियमची शंका काढली, तपासणीत ती खरी निघाली आणि मूल वाचलं. बाई आदल्याच वर्षी वारल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धात त्या पुन्हा औषधखोलीत गेल्या, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज इस्पितळात. तोवर त्या जगप्रसिद्ध झाल्या होत्या.

पहिली कादंबरी छापून यायला किती त्रास झाला?

चार वर्षं लागली, आणि करार लेखिकेला नागवणारा होता.

बहीण मॅज म्हणाली होती, तुला रहस्यकथा जमणार नाही. औषधखोलीत रिकामा वेळ मिळे, चहूकडे विषांच्या बाटल्या. तिथे कथानक सुचलं. टॉर्कीत बेल्जियन निर्वासित आले होते, त्यांच्यावरून गुप्तहेर बेल्जियन झाला. अर्ध्यावर अडल्यावर आईने डार्टमूरवरच्या हेटॉर इथल्या हॉटेलात दोन आठवडे एकटीला धाडलं: सकाळी लिहायचं, दुपारी माळावर चालताना पुढचे संवाद मोठ्याने म्हणायचे. १९१६ मध्ये बाड पुरं झालं. एकामागून एक प्रकाशकांकडून साभार परत आलं. 'बॉडली हेड'च्या जॉन लेनकडे ते दोनेक वर्षं पडून होतं, मग बोलावणं आलं.

लेनने एक बदल मागितला. शेवटी पॉयरो न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून सगळं उलगडून सांगत होता. कोणताही न्यायाधीश हे चालू देणार नाही. म्हणून तो प्रसंग दिवाणखान्यात आला. सगळ्यांना एका खोलीत बसवून उकल सांगायची जी रीत पुढे त्यांची ओळख झाली, ती अशी एका प्रकाशकाच्या हरकतीतून आली.

करारात होतं काय? पहिल्या २,००० प्रती खपेपर्यंत रॉयल्टी नाही. क्रमशः प्रसिद्धी आणि नाट्यरूपांतराचं निम्मं उत्पन्न प्रकाशकाचं. आणि पुढची पाच पुस्तकं याच प्रकाशकाला. छापून येण्याच्या आनंदात त्यांनी न वाचताच सही केली. पुस्तक १९२० मध्ये अमेरिकेत, १९२१ च्या जानेवारीत इंग्लंडात निघालं. हाती आले २५ पौंड, तेही क्रमशः छापल्याच्या ५० पौंडांचा अर्धा वाटा म्हणून.

पाच पुस्तकांची अट त्यांनी पुरी केली. दरम्यान एडमंड कॉर्क हा एजंट मिळाला आणि 'द मॅन इन द ब्राउन सूट' क्रमशः छापण्याचे 'इव्हिनिंग न्यूज'ने तब्बल ५०० पौंड दिले. त्यातून त्यांनी मॉरिस कौली मोटार घेतली. (ही मोटार पुढे पुन्हा येणार आहे.) अट संपताच १९२६ मध्ये 'ॲक्रॉइड' घेऊन त्या कॉलिन्स या प्रकाशकाकडे गेल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. कॉर्कही शेवटपर्यंत राहिला.

'ॲक्रॉइड'ची कल्पना माउंटबॅटनची होती म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. मॅजचे यजमान जेम्स वॉट्स एकदा तसं काही बोलून गेले होते. १९२४ मध्ये लॉर्ड लुई माउंटबॅटन यांनीही, हो, आपले शेवटचे व्हाइसरॉय, पत्र लिहून तशीच कल्पना कळवली. पण कल्पना एका वाक्यात मावते. ती अडीचतीनशे पानं अंगावर न उलटू देता पेलायची, आणि पुन्हा वाचताना एकही वाक्य खोटं निघू द्यायचं नाही, ही कारागिरी बाईंची.

१९२६ मध्ये त्या अकरा दिवस गायब झाल्या होत्या. नेमकं काय झालं?

नक्की माहीत असलेलं एवढंच. त्या वर्षी एप्रिलमध्ये आई वारली. ऑगस्टमध्ये पती आर्ची ख्रिस्ती (जन्म ब्रिटिश हिंदुस्थानातला, वडील इथल्या मुलकी सेवेत न्यायाधीश) यांनी नॅन्सी नील या तरुणीसाठी घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री बाई मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सरी परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरजवळ, चुन्याच्या खाणीच्या वर, मॉरिस कौली बेवारस सापडली. आत कपडे आणि मुदत संपलेला परवाना. हजारावर पोलीस, हजारो स्वयंसेवक आणि विमानंसुद्धा शोधाला लागली. शेरलॉक होम्सच्या जनकाने, कॉनन डॉयलने, त्यांचा हातमोजा मृतात्म्यांशी बोलतो म्हणवणाऱ्या एका माध्यमाला नेऊन दिला. १४ डिसेंबरला त्या यॉर्कशायरमधल्या हॅरोगेटच्या हॉटेलात सापडल्या. नोंदवहीतलं आडनाव होतं नील, गाव केप टाउन.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. आत्मचरित्रात या दिवसांबद्दल एक ओळ नाही. जाहिरातबाजीचा आरोप तेव्हाही झाला, पण वर्तमानपत्रांपासून जन्मभर पळणाऱ्या बाईला तो शोभत नाही. १९२८ मध्ये घटस्फोट झाला.

या काळातली खरी महत्त्वाची गोष्ट चित्रपटवाल्यांनी कधी उचलली नाही. डोक्यात काही उमटत नव्हतं, पैशांची गरज होती आणि करार पुरा करायचा होता. मग दीर कॅम्पबेल ख्रिस्ती यांच्या मदतीने जुन्या बारा कथा सांधून 'द बिग फोर' (१९२७) ही कादंबरी उभी केली. सांधे आजही दिसतात. पाठोपाठ 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' रेटून लिहिली. ती त्यांना कधीच आवडली नाही. पण आपण हौशी लेखक होतो ते व्यावसायिक झालो तो क्षण हाच, असं त्यांनी स्वतः नोंदवलं आहे: लिहावंसं वाटत नसताना, जमत नसताना, तरी लिहायचं.

त्या लिहीत कशा? रोजचा काही नेम होता का?

नव्हता. ठरलेली खोली, ठरलेलं टेबलही बराच काळ नव्हतं. न डगमगणारं टेबल आणि टंकलेखन यंत्र एवढं पुरे. छायाचित्रकार लिहिण्याची जागा दाखवा म्हणाले की अडचण होई.

कथानक मात्र टेबलावर सुचत नसे. चालताना, भांडी विसळताना, टबात सफरचंदं खात बसल्यावर सुचे. मग वह्या. त्यांच्या ७३ वह्या शिल्लक आहेत आणि जॉन करन यांनी त्या उलगडून २००९ मध्ये प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे घरखर्चाच्या वहीत दूधवाल्याचा हिशेब आणि पाहुण्याचा पत्ता एकत्र असतो, तशाच या. एका पानावर विषाचा विचार, दुसऱ्यावर बाजाराची यादी, तिसऱ्यावर ब्रिजच्या डावाचे गुण. वही एका कादंबरीची नाही. हाताला लागली ती उघडायची. त्यामुळे एकाच कादंबरीची टिपणं अनेक वह्यांत विखुरली आहेत, त्यांत वीस वीस वर्षांचं अंतरही आहे.

वह्यांत एक पद्धत वारंवार दिसते. प्रसंगांना अ, ब, क अशी अक्षरं द्यायची, मग नुसत्या अक्षरांचा क्रम हलवून पाहायचा. खुनीसुद्धा आधी ठरलेला नसे. चारपाच संशयितांवर आळीपाळीने खून लावून बघत आणि जो सर्वांत कमी अपेक्षित पण सर्वांत घट्ट बसतो तो ठेवत. हाताने किंवा यंत्रावर लिहिण्याची सवय १९५२ मध्ये मनगट मोडल्यावर सुटली. मग डिक्टाफोन या आवाज टिपणाऱ्या यंत्रावर सांगू लागल्या. नंतरची पुस्तकं सैल, बोलघेवडी वाटतात याचं एक कारण हे यंत्र असावं.

वाचकाला फसवतात तरी कशा?

हातचलाखी करणाऱ्यासारख्या: वस्तू लपवत नाहीत, नजर वळवतात. महत्त्वाची गोष्ट यादीच्या मधोमध ठेवतात, म्हणजे टेबलावरच्या सात वस्तूंपैकी चौथी. किंवा ती अशा पात्राच्या तोंडी घालतात ज्याचं बोलणं कोणी मनावर घेत नाही: बडबडी म्हातारी, मोलकरीण, लहान मूल. किंवा माहिती देऊन लगेच काहीतरी मोठं घडवतात, दारावर थाप, किंकाळी. साधं वाक्य दोन अर्थांनी खरं असतं आणि आपण सोयीचा अर्थ घेतो. पुस्तक संपल्यावर मागे जाऊन पाहा, सगळं समोरच होतं.

चुका होतात त्याही गमतीच्या. पॉयरोला त्यांनी १९२० मध्येच निवृत्त पोलीस अधिकारी केला आणि मग तो पन्नासएक वर्षं चालला. हिशेब केला तर शेवटी तो शंभरीच्या बराच पलीकडे जातो. सुरुवातीलाच इतका म्हातारा करायला नको होता, असं त्या नंतर म्हणत. 'डेथ इन द क्लाउड्स'मधली फुंकनळी विमानात वापरता येण्याजोग्या लांबीची नव्हती. ही चूक लक्षात आल्यावर ती त्या आपल्याच कादंबऱ्यांतल्या लेखिकेच्या, ॲरियाडनी ऑलिव्हरच्या, पदरात टाकून मोकळ्या झाल्या.

पॉयरोचा त्यांना कंटाळा आला होता का?

आला होता, भरपूर. नाटकांत रूपांतर करताना त्याला त्या सरळ गाळत. पण वाचकाला तो हवा होता आणि धंदा कळत होता. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना त्यांनी दोन कादंबऱ्या लिहून तिजोरीत ठेवल्या: 'कर्टन' मुलगी रोझलिंडच्या नावे आणि मार्पलची 'स्लीपिंग मर्डर' दुसऱ्या पतीच्या नावे. आपण मेलो तर घरच्यांना उत्पन्न राहावं, म्हणजे विम्याची पॉलिसीच. 'कर्टन' १९७५ मध्ये निघाली आणि न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर पॉयरोचा मृत्युलेख छापला. 'स्लीपिंग मर्डर' आली तेव्हा बाई नव्हत्या.

उत्खननाशी त्यांचा काय संबंध?

१९२८ च्या शरदात वेस्ट इंडीजचं तिकीट काढलेलं असताना एका जेवणात कोणी बगदादचं वर्णन केलं. दुसऱ्याच दिवशी तिकीट बदललं आणि त्या ओरिएंट एक्स्प्रेसने एकट्या निघाल्या. इराकमधल्या उर इथे लिओनार्ड वूली यांचं उत्खनन पाहिलं. १९३० मध्ये पुन्हा गेल्या तेव्हा तिथे मॅक्स मॅलोवन हा तरुण पुरातत्त्वज्ञ भेटला, वयाने जवळजवळ चौदा वर्षांनी लहान. त्याच सप्टेंबरात एडिंबरोत लग्न झालं. ते शेवटपर्यंत टिकलं.

पुढे इराक-सीरियातली उत्खननं: अर्पाचिया, चागर बाझार, टेल ब्राक, निमरुद. बाई तंबूत बसून लिहिणाऱ्या पाहुण्या नव्हत्या. छायाचित्रं काढत, खापरांची नोंद ठेवत. निमरुदला हस्तिदंती वस्तू निघाल्या तेव्हा फटींतली माती काढायला विणकामाची बारीक सुई आणि चेहऱ्याला लावायचं क्रीम त्यांनी वापरलं. भेगाळलेल्या हस्तिदंताला पाण्यापेक्षा ते मानवतं. तिथेच ५० पौंड खर्चून कच्च्या विटांची एक खोली बांधून घेतली, 'बैत अगाथा'. १९५० मध्ये याच खोलीत आत्मचरित्र सुरू झालं. ते १९६५ मध्ये पुरं झालं आणि १९७७ मध्ये छापलं गेलं.

'मर्डर इन मेसोपोटेमिया' (१९३६) वाचताना उत्खननाच्या छावणीतली कुरबुर इतकी खरी वाटते त्याचं कारण हेच.

मेरी वेस्टमॅकॉट कोण?

त्याच. १९३० ते १९५६ या काळात खून नसलेल्या सहा कादंबऱ्या या नावाने लिहिल्या. १९४९ मध्ये वर्तमानपत्राने नाव फोडलं. 'ॲब्सेंट इन द स्प्रिंग' (१९४४) तीन दिवसांत सलग लिहून काढली. वाळवंटात गाडी चुकलेली एक मध्यमवयीन बाई, आणि स्वतःबद्दल हळूहळू कळत जाणारं सत्य. आमच्या मते त्यांच्या उत्तम पाचांत तिची जागा आहे.

'द माउसट्रॅप' अजून चालू आहे? त्याचा चित्रपट का नाही?

राणी मेरीच्या ८० व्या वाढदिवसासाठी १९४७ मध्ये लिहिलेल्या छोट्या श्रुतिकेवरून हे नाटक झालं. ६ ऑक्टोबर १९५२ ला नॉटिंगहॅममध्ये शुभारंभ, २५ नोव्हेंबरला लंडनमध्ये. नाव जावई अँथनी हिक्स यांनी सुचवलं, 'हॅम्लेट'मधून. निर्माते पीटर सॉन्डर्स यांना ते चौदा महिने चालेल असं वाटत होतं, बाईंचा अंदाज आठ महिन्यांचा. १६ मार्च २०२० पर्यंत ते लंडनमध्ये चालत राहिलं. कोविडने बंद पाडलं आणि १७ मे २०२१ ला पुन्हा सुरू झालं.

चित्रपटाचे हक्क १९५० च्या दशकातच विकले गेले, पण वेस्ट एंड या लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातला प्रयोग बंद होऊन सहा महिने झाल्याखेरीज चित्रपट करायचा नाही या अटीवर. विकत घेणाऱ्यांना वाटलं असेल, असं कितीसं चालणार! नाटकाचं उत्पन्न बाईंनी आधीच नातू मॅथ्यू याला नवव्या वाढदिवसाची भेट म्हणून दिलं होतं. सायकल मिळाली असती तर पोरगा तेव्हा जास्त खूश झाला असता.

एवढं लिहून त्या खूप श्रीमंत झाल्या असतील ना?

खप होता, पण हातात पैसा नेहमी नव्हता. अमेरिकेच्या करखात्याने तिथल्या उत्पन्नावरून वाद काढला, तो वर्षानुवर्षं चालला आणि पैसे अडकले. ब्रिटनमधला कर तर त्या काळी जबरच होता. १९५५ मध्ये 'अगाथा ख्रिस्ती लिमिटेड' ही कंपनी काढली. बाई तिच्या पगारी नोकर झाल्या. १९६८ मध्ये 'बुकर' या साखर-व्यापारातल्या कंपनीने त्यातला ५१ टक्के हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षी बुकर पारितोषिक सुरू केलं ते याच कंपनीने.

हिंदी-मराठीत काय आहे?

'गुमनाम' (१९६५) ही 'अँड देन देअर वेअर नन'ची सैल आवृत्ती आहे, गाण्यांसकट. बी. आर. चोप्रा यांचा 'धुंद' (१९७३) 'द अनएक्स्पेक्टेड गेस्ट' या नाटकावरून आला आहे आणि मुळाशी बराच इमान राखतो. २०२३ ची 'चार्ली चोप्रा' ही मालिका 'सिटाफर्ड'वरून घेतली आहे. मराठीत अनुवाद आहेत, त्यांत नट-नाटककार मधुकर तोरडमल यांनी केलेलेही. मात्र बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांवर वाढलेल्या वाचकाला सुरुवातीला हे संथ वाटेल. अर्नाळकरांचा नायक धाडस करतो. पॉयरो खुर्चीत बसून विचारतो की काल चहात साखर कोणी घातली.

जुन्या आणि नव्या आवृत्तीत मजकूर वेगळा आहे का?

काही ठिकाणी. 'अँड देन देअर वेअर नन'चं मूळ ब्रिटिश नाव कृष्णवर्णीयांना उद्देशून असलेल्या शिवीवर होतं. अमेरिकेत ते पहिल्यापासूनच बदललं, ब्रिटनमध्ये फार उशिरा. १९२०-३० च्या कादंबऱ्यांत ज्यू, आशियाई आणि आफ्रिकी माणसांबद्दल तुच्छतेचे शेरे आहेत. प्रकाशकांनी अलीकडच्या आवृत्त्यांत त्यांतले काही काढले. अभ्यासासाठी वाचत असाल तर जुनी आवृत्ती शोधा. रहस्याच्या उकलीत फरक पडत नाही.

मला एखाद्या कादंबरीचा मराठी अनुवाद किंवा नाटक करायचं आहे. परवानगी लागते का?

लागते. बाईंचं निधन १२ जानेवारी १९७६ ला झालं. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे २०३६ च्या अखेरपर्यंत आहे. मरणोत्तर छापलेल्या पुस्तकाचा हिशेब प्रकाशनाच्या वर्षावरून होतो, म्हणून आत्मचरित्र २०३७ अखेरपर्यंत. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची, २०४६ अखेरपर्यंत.

घोटाळा होतो तो अमेरिकेमुळे. तिथे जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षं आहे. त्यामुळे 'स्टाइल्स', 'ॲक्रॉइड' यांसारखी पुस्तकं तिथे मुक्त झाली आहेत आणि अमेरिकी संकेतस्थळांवर फुकट मिळतात. म्हणून ती भारतात अनुवादून छापता येतील असं नाही. अनुवाद, नाट्यरूपांतर, ध्वनिपुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे असतात. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. एकांकिका स्पर्धेत 'मूळ कल्पना अगाथा ख्रिस्ती' एवढी पाटी लावली म्हणजे झालं, हा समज चुकीचा आहे. अर्ज हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडे करायचा, आणि त्यात भाषा, प्रयोगांची किंवा प्रतींची संख्या, प्रदेश आणि मुदत हे चारही लिहायचं.

इंग्लंडला गेलो तर काय पाहावं?

डार्ट नदीकाठचं ग्रीनवे हे घर. १९३८ मध्ये त्यांनी ते ६,००० पौंडांना घेतलं, आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. युद्धात अमेरिकी तटरक्षक दलाने ते वापरलं आणि त्यांच्यातल्या एकाने ग्रंथालयाच्या भिंतीवर वरच्या बाजूने चित्रपट्टी रंगवली. बाईंनी ती पुसू दिली नाही. 'डेड मॅन्स फॉली' (१९५६) वाचून जा, नावेचं घर लगेच ओळखाल. टॉर्की तिथून जवळच आहे. समाधी मात्र लांब, ऑक्सफर्डशायरमधल्या चोल्सी गावच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात आहे. दगडावर दोन नावं आहेत, त्यांतलं एक मॅक्सचं.